सुतकातली सहल

आमच्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं की गावकीची बैठक बसते आणि बैठक बसली की कोणाचा तरी जीव टांगणीला लागतो. पोलादपूर सोडून वर डोंगराकडे निघालात की अशी गावं ओळीने लागतात. वर एकाच आडनावाची, एकाच भावकीची घरं, मधोमध शिमग्यात पालखी बसते ती सहाण आणि खाली ओढ्याच्या अलीकडे आमची बौद्धवाडी. एवढी ओळख पुरे.

सांगायचंय ते प्रवीणबद्दल. प्रवीण वरच्या आळीतला. त्याची एक इको गाडी आहे. रोज सकाळी तो वरच्या आळीतल्या आणि आमच्या वाडीतल्या कामगारांना घेऊन महाडच्या एमआयडीसीत सोडतो. मी तिथे एका केमिकल कंपनीत पॅकिंगला आहे. गाडीतली पुढची सीट माझी, कारण मागे बसलं की वळणावर माझ्या पोटात ढवळतं. त्यामुळे प्रवीणचं आयुष्य मी डाव्या बाजूने पाहत आलोय, असं म्हटलं तरी चालेल.

सुट्टीच्या दिवशी आणि अख्खा मे महिना गाडी भाड्याने जाते. कोणाला रायगड, कोणाला महाबळेश्वर आणि हल्ली सगळ्यात जास्त खोपोलीकडचं ते मोठं पार्क. एका आवारात पाण्याच्या घसरगुंड्या, शेजारी आकाशात उलटे टांगणारे झुले. महाडातले वकील गेले, बिरवाडीचे दुकानदार गेले, पाचाडच्या खानावळवाल्याने तर सगळी सासुरवाडी नेली. सगळ्यांना नेणारा प्रवीण. कधी निघायचं, मे महिन्यात कुठला वार टाळायचा, आत घरचं खाणं नेऊ देत नाहीत, सुती कपड्यांनी पाण्यात उतरू देत नाहीत, नायलॉनचेच लागतात, हे सगळं त्याला तोंडपाठ. पण कोणी विचारलं, "आत कसं आहे हो?" की तो हसून म्हणायचा, "आपन पार्किंगलाच असतो."

इतक्या वेळा जाऊन हा माणूस फाटकाच्या आत गेला नव्हता. गाडीच्या सावलीत गमछा अंथरून पडायचा आणि भिंतीपलीकडून येणाऱ्या किंकाळ्या ऐकायचा. परत येताना दमलेली गिऱ्हाइकं जे बोलायची, ते कान देऊन साठवायचा आणि घरी येऊन पोरीला सांगायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पोरगी म्हणजे पूजा. एकुलती एक, सातवीतली, बडबडी. बापाच्या गोष्टींवर ती वाढली. एका झुल्यात बसलं की पोटातलं काळीज घशात येतं, एका बोगद्यातून पाणी तुम्हाला घेऊन जातं आणि शेवटी खालच्या तळ्यात फेकतं, हे ती मला अशा थाटात सांगायची की जणू कालच जाऊन आली. शाळेसाठी ती आमच्याबरोबरच पोलादपूरपर्यंत यायची, माझ्या आणि दाराच्या मधे दप्तर मांडीवर घेऊन. "अरविंदकाका, पप्पा मला या मे मध्ये नेनार हायत," असं ती दर वर्षी सांगायची.

आणि दर वर्षी कोणीतरी मरायचं.

यात हसण्यासारखं काही नाही, तरी आम्ही हसायचो. वरची अख्खी आळी एका भावकीची. गावात मेलं तरी सुतक, मुंबईत मेलं तरी सुतक. फोन आला की दहा दिवस देवळात पाय नाही, गोडधोड नाही, गाव सोडून मौजमजा नाही. एवढ्या पसरलेल्या भावकीत मे महिना कोरडा जाईल कसा? एका वर्षी प्रवीणची चुलती गेली. दुसऱ्या वर्षी चेंबूरचा कोणी भाऊबंद, ज्याला पूजाने फोटोतही पाहिलं नव्हतं. पुढच्या वर्षीही तेच. आमच्या वाडीने ही सुतकं कधीच ओढ्यात सोडून दिली, म्हणून मला हे बोलायला सोपं जातं. वरच्यांना ते तितकं सोपं नाही, हेही मला कळतं.

या नियमांचा राखणदार होता प्रवीणचा बाप, येसाजी. भावकीतला सगळ्यात जुना माणूस. मुंबईहून मरणाचा फोन पहिला त्याला यायचा, मग तो सहाणेवर उभा राहून गावाला सांगायचा. आवाज खणखणीत आणि स्वभाव दगडाचा. मी त्याला प्रेमाने आठवायचं काही कारण नव्हतं. माझा बाप सोमा वारला तेव्हा ओढ्याला पूर होता, आमची जाळायची जागा पाण्याखाली होती. वरच्या स्मशानात जागा मागायला आम्ही गेलो, तर हाच येसाजी दारात उभा राहून म्हणाला, "गावकीला इचारावं लागंल." गावकीने विचार करेपर्यंत पूर ओसरला आणि आम्ही आमच्या जागी बाप जाळला. ते मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

पण नातीपुढे हा दगड मेण व्हायचा. प्रवीणची बायको रेश्मा शिवणकाम करते. तिने पोरीसाठी नायलॉनचा निळा पोशाख शिवला होता, पहिल्या वर्षीच. सहल रद्द झाली की तो खुंटीला अडकायचा. पुढच्या मे मध्ये रेश्मा शिवण उसवून तो वाढवायची. येसाजी ओट्यावर बसून बघायचा. शेवटी शेवटी वाढवायला शिवणीत कापडच उरलं नाही, तेव्हा तिने बाजूंना दुसऱ्या रंगाच्या पट्ट्या लावल्या.

मागच्या मे मधली गोष्ट. प्रवीणने ठरवूनच टाकलं. स्वतःची गाडी स्वतःसाठीच राखून ठेवली, एका लग्नाच्या वऱ्हाडाला नाही म्हणाला. आदल्या दिवशी मला सांगत होता, "अरविंददादा, उद्या मी पन आत जानार. पार्किंगला गाडी एकटीच." त्याच्या चेहऱ्यावर मी असा आनंद कधी पाहिला नव्हता.

उजाडता उजाडता सगळे गाडीत बसले. येसाजी ओट्यावर उभा होता, हातात फोन. रेश्माने विचारलं, "कुनाचा ओ एवढ्या सकाळी?"

"राँग नंबर," येसाजी म्हणाला. मग खाली उतरून त्याने स्वतः गाडीचं दार लावून घेतलं. "जावा आता. मागं बगू नका."

फोन विरारहून होता. हैबती गेला होता. येसाजीचा चुलतभाऊ, कैक वर्षांत गावाकडे न फिरकलेला, शिमग्यालासुद्धा नाही. त्याच्या पोराने रीतीप्रमाणे पहिला फोन येसाजीला लावला होता. ज्या माणसाने आयुष्यभर मरणाची बातमी क्षणभर अडवली नाही, त्याने ती त्या दिवशी कंबरेला खोचली आणि ऊन चांगलं वर येईपर्यंत ओट्यावर बसून राहिला. गाडी माणगावच्या पुढे गेली असेल असा हिशेब केला असावा. मग सहाणेवर जाऊन त्याने गावाला सांगितलं, हैबती गेला, सुतक हाय.

तेवढ्यावर भागलं असतं. न कळता गेले, आल्यावर आंघोळी केल्या, असं म्हणून गावकीने दुर्लक्ष केलं असतं. भावकीही माणसांचीच असते, निदान तोवर मला तसं वाटायचं.

पण पार्कात गेल्यावर फोन लॉकरमध्ये ठेवावे लागतात. प्रवीणचा फोन तिथे वाजून वाजून थकला. दुपारी पूजाने आईचा फोन काढला आणि एकाकडून फोटो काढून घेतला. मागे उंच पिवळी घसरगुंडी, पुढे तिघंही ओलीचिंब, प्रवीण लहान पोरासारखा तोंड उघडून हसतोय, पूजाचे दोन्ही हात वर. तो तिने आईच्या स्टेटसला ठेवला, खाली लिहिलं, 'फायनली!' ग्रामस्थ मंडळाच्या ग्रुपमध्ये बायकांना घेत नाहीत, त्यामुळे रेश्माच्या फोनवर हैबतीची बातमी नव्हतीच. मी तो फोटो कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पाहिला आणि मला इतकं बरं वाटलं की शेजाऱ्यालाही दाखवला.

वरच्या आळीतही तो सगळ्यांनी पाहिला. विरारला तिरडी बांधत होते, तिथेही पोचला.

बैठक बसली. प्रवीणने सांगितलं, मला माहीत नव्हतं, फोन लॉकरला होता. कोणाला पटेना. ज्याच्या बापाला पहिला फोन येतो, त्याला माहीत नाही? तेव्हा येसाजी उठला आणि म्हणाला, "त्यास्नी माहीत नव्हता. मला माहीत होता. मी दाबून ठेवला. पोरगी तीन वर्सं कपडा खुटीला बगत होती. काय करायचा तो माझा करा."

राखणदारानेच कुंपण तोडलं म्हटल्यावर गावकीला जास्त लागलं. प्रवीणला कदाचित नुसतं दटावून सोडलं असतं, पण येसाजीला सोडून चालणार नव्हतं, कारण त्याने त्याच सहाणेवर बसून कितीजणांना सोडलं नव्हतं. भिकाजी नावाचा एक पुढारी आहे, येसाजीच्या हाताखाली तयार झालेला. तो म्हणाला, "बाबा, तुमीच शिकवलेला हाय."

आता वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, कायदा झालाय. म्हणून आमच्याकडे कोणी वाळीत टाकत नाही. ठराव नाही, कागद नाही. दुसऱ्या दिवसापासून फक्त सगळ्यांना कामं निघतात. गिरणीवाल्याच्या गिरणीचा पट्टा तुटतो, पण तो फक्त रेश्मा दळण घेऊन आली की. दुकानात साखर संपलेली असते. गाडीत मागच्या सीटवर बसणारी वरच्या आळीची माणसं एकाएकी मोटरसायकलवरून कामाला जायला लागली. गाडीत उरलो आम्ही वाडीतले, मी आणि बुद्धरत्न आणि आणखी एकदोघं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पूजाच्या वर्गातल्या वरच्या आळीच्या मुली दुसऱ्या बाकावर गेल्या. बाईंनी विचारलं, तर म्हणाल्या, तिथून फळा नीट दिसतो.

मी प्रवीणला म्हटलं, तक्रार दे, मी साक्षीला येतो. तो म्हणाला, "दादा, पोलीस एक दिवस येतील. मी रोज हितंच ऱ्हानार." माझा संताप झाला, पण त्याच्या बोलण्यात खोट काढता येईना.

सुरुवातीचे दिवस पूजा मात्र खुशीत होती, हे सांगितलं पाहिजे. तिला अजून नीट कळलं नव्हतं. तो एक दिवस तिने महिनाभर पुरवला. त्या बोगद्यात ती तीनदा गेली. प्रवीण पहिल्यांदा वर जाऊन घाबरला आणि मागच्या लोकांना वाट देत देत पुन्हा जिना उतरला, मग तिने त्याला हात धरून वर नेलं. हे ऐकताना स्टिअरिंगवरचा प्रवीण लाजायचा. आजोबाला तर ती रोज सांगायची. ओट्यावर बसलेला तो म्हातारा, ज्याच्याशी गावात कोणी बोलत नव्हतं, तिला पुन्हा पुन्हा विचारायचा, "आनि मग पानी कुठं नेता?"

मग लावणी आली. आमच्याकडे लावणीला एकमेकांच्या शेतात जायची पद्धत आहे, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. येसाजीच्या शेतात कोणी आलं नाही. आमच्या वाडीतल्या दोन बाया गेल्या, पण त्यांचीही शेतं होती. म्हातारा, रेश्मा आणि सुट्टीच्या दिवशी प्रवीण, असे चिखलात वाकलेले दिसायचे. म्हाताऱ्याला ताप भरला. दोन दिवस अंगावर काढला, मग प्रवीणने त्याला महाडला दवाखान्यात नेलं. मी कंपनी सुटल्यावर भेटायला गेलो. डोळे पिवळे झाले होते. पूजा खाटेवर पायाशी बसून हातांनी घसरगुंडी काढून दाखवत होती, असं वळतं, मग असं, मग धपकन तळ्यात. म्हातारा ऐकत होता. मला पाहून तो म्हणाला, "अरविंदा, सोमाच्या वक्ताला मी चुकलो रे."

तो गेला तो भर पावसात.

आमच्या गावात मयत झालं की घरटी एक लाकूड येतं. कोणी बोलवायला जात नाही, सांगावं लागत नाही. ज्याच्या त्याच्या माळ्यावर त्यासाठी सुकं लाकूड ठेवलेलं असतं. येसाजीच्या अंगणात त्या दिवशी लाकूड आलं नाही. प्रवीण दारात उभा राहून रस्त्याकडे बघत राहिला. वरच्या आळीची सगळी दारं अर्धवट लोटलेली, आत माणसं होती, चुलीचा धूर होता. शेवटी त्याने कोयता घेतला आणि गोठ्याचे आडवे वासे सोडवायला लागला.

तेव्हा आम्ही गेलो. वाडीतल्या घराघरांतून जे सुकं होतं ते काढलं, बुद्धरत्नने पावसाळ्यासाठी साठवलेली लाकडं दिली. खांद्याला मी, बुद्धरत्न, वाडीतला आणखी एक, पाचाडहून आलेला रेश्माचा भाऊ आणि पुढे प्रवीण. हे थोरपण म्हणून सांगत नाही. माझ्या बापाला ज्या स्मशानात जागा मिळाली नाही, तिथे मी त्या माणसाला घेऊन गेलो आणि मला त्यात कसलंच समाधान वाटलं नाही. वाटेत पावसाने लाकडं भिजली, धूर खूप झाला. आम्ही तिरडी उचलली तेव्हा पूजा आईला बिलगून दारात उभी होती आणि बंद दारांकडे बघत होती. त्या दिवशी तिला सगळं एकदम कळलं.

परत आलो तेव्हा ती फोन घेऊन बसली होती. फोटो पुसत होती. रेश्मा म्हणाली, ऱ्हाऊ दे गो, एखादा तरी ऱ्हाऊ दे. तिने एकही ठेवला नाही.

त्यानंतर ती गाडीत बोलायची थांबली. जेवायची कमी झाली, शाळेत जायला नको म्हणायला लागली. एकदा प्रवीणला म्हणाली, "पप्पा, मी फोटो टाकला म्हणून आजोबा गेले ना?" प्रवीणने तिला समजावलं, मीही समजावलं, शाळेतल्या बाईंनी समजावलं. पण तिच्या आजूबाजूचं अख्खं गाव गप्प राहून उलट सांगत होतं, तिथे आमचं कोण ऐकणार?

शिमगा आला. पालखी घरोघर गेली, प्रवीणच्या दारावरून न थांबता पुढे गेली. रेश्मा ओटीचं ताट घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. त्या रात्री प्रवीण भिकाजीकडे गेला. सकाळी मला म्हणाला, "मी वाकलो, दादा. पोरीशी कुनीतरी बोलाय पायजे." मी शिवी दिली. त्याला नाही, कोणाला ते मलाच ठाऊक नाही.

अट साधी होती. सहाणेवर नारळ ठेवायचा आणि देवासमोर म्हणायचं, सुतकात गेलो, चुकलो. प्रवीणने म्हणायचं, रेश्माने म्हणायचं आणि फोटो जिने लावला तिनेही म्हणायचं. शिमग्याला सहाणेवर माइक असतो. आम्ही वाडीत होतो, ओढ्याच्या अलीकडे. आधी प्रवीणचा आवाज आला, भराभर. मग रेश्माचा, ऐकूही न येणारा. मग बराच वेळ नुसती माइकची घरघर. कोणीतरी म्हणालं, "बोल गो, घाबरू नको, आपलीच मानसं हायत." मग पूजाचा आवाज आमच्या घरांवरून गेला, "आमी गेलो ती चूक झाली. परत जानार नाय."

पाठोपाठ ढोल वाजायला लागले. माझी बायको भांडी घासत होती, ती तशीच उठून आत गेली.

आता सगळं सुरळीत आहे. गाडी भरून जाते, मागच्या सीटवर हसणं-खिदळणं चालतं, गिरणीचा पट्टा नीट आहे, मुलींना जुन्या बाकावरूनही फळा दिसतो. हे सगळं किती सहज झालं ते बघून मला जास्त भीती वाटते.

परवा आमच्या कंपनीतला एक नवा साहेब गाडीत होता, साताऱ्याकडचा. आदल्या दिवशी प्रतापगडाहून येताना त्याची मोटरसायकल पोलादपुरात बंद पडली, मुक्काम तिथेच पडला, म्हणून स्टँडजवळ त्याने हात केला. पूजाची शाळा थोडी पुढे, हायवेवर. मी त्याला माझी सीट दिली आणि मागे बसलो, पूजा त्याच्या आणि दाराच्या मधे. "माझी पोरगी," प्रवीणने सांगितलं. त्याला मे मध्ये मुलांना घेऊन त्या पार्कात जायचं होतं. गाडी मिळेल का, कधी निघावं, काय न्यावं, असं सगळं तो विचारत होता आणि प्रवीण नीट उत्तरं देत होता. नायलॉनचे कपडे घ्या, घरचं खाणं नेऊ नका.

"आत कसं आहे हो? पोरांना आवडेल ना?"

मागच्या सीटवरची वरच्या आळीची माणसं ऐकायला पुढे वाकली. आरशात प्रवीणची नजर आमच्यावरून फिरली.

"आपन पार्किंगलाच असतो, साहेब."

साहेब हसला आणि पूजाकडे वळला. "काय गं, तुला तरी नेलं का पप्पांनी कधी?"

पूजाने दप्तर घट्ट धरलं. मागे वळून बघितलंही नाही.

"नाय," ती म्हणाली, "आमी कधीच गेलो नाय."

शाळा आली. प्रवीणने गाडी थांबवली, ती उतरली आणि फाटकाजवळ तिची वाट बघत उभ्या असलेल्या मुलींबरोबर आत गेली.